पाचरीची जाड बाजू

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला गाड्यांतलं फार कळतं. हे मत त्याचंच आहे, पण तो ते इतक्या वेळा बोलून दाखवतो की नवख्या माणसाला वाटावं, गावभर हेच बोललं जातं. घरात आम्ही त्याला जावईबापू म्हणतो. बाकीचे कौतुकाने म्हणतात, मी दात आवळून म्हणतो.

आठवड्याचे पाच दिवस हा गृहस्थ एका कचेरीत टेबलामागे बसून लोकांच्या अर्जांवर शिक्के मारतो. उरलेले दोन दिवस तो मेकॅनिक असतो. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे, त्यातली चार टाळकी दर रविवारी जमतात, एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालतात आणि हाताला मुद्दाम ग्रीस लावून फोटो काढतात. दोन वर्षांपूर्वी याने एक जुना फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक घेतला. ट्रक बेबीपेक्षा तीन वर्षांनी मोठा.

बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. चाळिशी ओलांडली तरी घरात ती बेबीच. ती गुरांची डॉक्टर आहे आणि डोंगरावरच्या बत्तीस वस्त्या तिच्याकडे आहेत. गाय अडली, बैल पडला, वासरू आजारी पडलं की हिला फोन येतो आणि ही निघते. ट्रक तिच्यासाठीच घेतला असं जावईबापू सांगतात. मग तिच्यासाठीच म्हणून मंडळाला हाताशी धरून त्यांनी तो वीतभर उंच केला. आता तिला औषधांची पेटी आधी वर फेकावी लागते आणि मग फुटबोर्डवर गुडघा टेकून मागोमाग चढावं लागतं. टायर असे आणलेत की ट्रक उभा असला तर मागचं घर दिसत नाही.

माझं दुकान पुढच्या चाकांचं. सव्वीस वर्षं मी अलाइनमेंट करतोय. बस, टँकर, रुग्णवाहिका, सगळं माझ्या रॅम्पवर चढतं. गाडी उचलली की तिचं पुढचं सगळं गणित बिघडतं, ते नव्याने मांडावं लागतं, हे मी झोपेतही सांगेन. पण जावईबापूंनी मला विचारलं नाही. "दादा जरा जुन्या पद्धतीचे आहेत," असं म्हणाले म्हणे. मग मीही एकदा सगळे जेवायला बसलेले असताना सांगून टाकलं, "तो उंट माझ्या रॅम्पवर चढणार नाही." सगळे हसले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, आणि त्यानंतर आठ महिने मी त्या ट्रककडे ढुंकून पाहिलं नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ट्रक दुकानासमोर तिरका येऊन थांबला. बेबी खाली उतरली. तिने किल्ली माझ्या हातात दिली.

"दादा, मला हेड ऑफिसला सोडतोस? गाडी तू चालव."

"का? तुझे हात काय मेंदी लावून बसलेत?"

ती हसली नाही. पर्समधून तिने अर्जाचं पाकीट काढलं आणि परत आत ठेवलं. "टेबलावरचं काम मागतेय," ती म्हणाली. "फिरती आता नको. माझे हात गेले, दादा."

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. आठ महिन्यांपासून गाडी चालवताना तिचे हात थरथरतात. आधी फक्त गाडीत, मग उतरल्यावरही तासभर. एकदा वासराची शीर तीनदा चुकली, तेव्हापासून सुई ती हाताखालच्या माणसाला देते. रात्री झोप लागत नाही. डॉक्टरकडे जायची तिची हिंमत नाही, कारण डॉक्टर काय सांगेल ते तिला आधीच ठाऊक आहे.

ते मलाही ठाऊक होतं. आमचे बाबा शाळेत चित्रकला शिकवत. फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढायचे आणि मुलं कंपास लावून बघायची. एक्कावन्नाव्या वर्षी त्या वर्तुळाला दाते पडायला लागले. पुढच्या सहा वर्षांत त्यांचा चमचा तोंडापर्यंत पोचेना. शेवटी बेबीच भरवायची.

"तुझ्या नवऱ्याला सांगितलंस?"

"त्यांनीच तर लक्षात आणून दिलं. मी म्हटलं गाडी हलते. ते म्हणाले, मी चालवतो तेव्हा लोण्यासारखी चालते. हात बघ तुझे. बाबांचं आठव."

बाबांचं आठव! ज्या माणसाने बाबांच्या आजारपणात एकदासुद्धा त्यांच्या खोलीत पाच मिनिटं काढली नाहीत, तो हिला बाबांची आठवण करून देत होता. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला राग आला नाही, भीती वाटली. कारण तिच्या मांडीवर ठेवलेले हात खरंच बारीक थरथरत होते, आणि मलाही तेच वाटलं जे तिला वाटत होतं.

म्हणून मी किल्ली घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या उंटावर चढलो.

गावातल्या रस्त्यावर फारसं काही कळलं नाही. स्टिअरिंग ढिलं होतं. वळण घेतल्यावर ते आपणहून सरळ यायला हवं, तर जिथे सोडाल तिथेच ढिम्म. सरळ रस्त्यावरही सारखं इकडे तिकडे सांभाळावं लागत होतं. मी मनातल्या मनात जावईबापूंचा उद्धार करत चाललो होतो. मग मोठा पूल आला. वेग पन्नासच्या थोडा वर. पुलावर जिथे दोन तुकडे जोडलेत तिथे लोखंडी पट्टी आहे. पुढची चाकं त्या पट्टीवरून गेली आणि स्टिअरिंगने माझ्या हातात उसळी घेतली.

डावी, उजवी, डावी, उजवी, सेकंदाला दहा वेळा. सगळा पुढचा भाग थडथडायला लागला. आरसा दिसेनासा झाला. मी जीव खाऊन धरलं, माझे हात खांद्यापर्यंत हलत होते, आणि वेग पार वीसवर आला तेव्हा ते थांबलं. पूल संपल्यावर मी गाडी कडेला घेतली.

बेबी माझ्या हातांकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले.

"दादा," ती म्हणाली, "तुलाही?"

मला कळायलाच दोन क्षण लागले. आणि कळलं तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारून जाणारा सायकलवाला दचकला. "अगं वेडाबाई, मी नाही हलत! ही हलतेय! ही! तुझ्या नवऱ्याची ही दळभद्री गाडी हलतेय!"

तिला ते लगेच पटलं नाही. आठ महिने मनात घट्ट बसलेली गोष्ट एका ओरडण्याने कशी निघेल? मी माझे दोन्ही हात तिच्यासमोर धरले. थरथरत होते. तिलाही तिचे धरायला लावले, तेही थरथरत होते, पण माझ्याइतके नाहीत. "मी एक पूल ओलांडला तर माझी ही गत," मी म्हटलं. "तू रोज साठ-सत्तर किलोमीटर डोंगरात हे धरून बसतेस. उतरल्यावर काय होईल मग हातांचं?"

ती रडायला लागली. मला अशा वेळी काय करायचं ते समजत नाही. मी गाडी वळवली आणि पंचवीसच्या वर न जाता दुकानात आणली.

रॅम्पखालच्या खड्ड्यात उतरून दिवा लावला आणि मला कारण दिसलं. सोप्या भाषेत सांगतो. सायकलचा पुढचा चिमटा जरा तिरका असतो, वरून मागे झुकलेला. म्हणून हँडल सोडलं तरी सायकल सरळ जाते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असाच मागचा कल लागतो. या ट्रकमध्ये तो कल मिळावा म्हणून कारखान्यातूनच एक्सल, म्हणजे चाकांची आस, आणि पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, यांच्या मध्ये लोखंडाची पाचर येते, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. मुळात पाटे एक्सलच्या खाली असतात, तेव्हा जाड बाजू पुढे. या दीडशहाण्यांनी उंची मिळवायला पाटे एक्सलच्या वर घेतले, आणि पाचर मात्र पहिल्यासारखीच, जाड बाजू पुढे ठेवून बसवली. पाटे खालून वर गेले की पाचरीचं काम उलटं होतं, मग जाड बाजू मागे यायला हवी. आता ती पाचर चाकाला मागे झुकवायच्या ऐवजी पुढे झुकवत होती. मापं लावली तर कल शून्याच्याही पलीकडे गेलेला. त्यात स्टिअरिंगचा दांडा इतका उतरता झालेला की रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा स्वतःच चाक वळवत होता. आणि दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या टाय रॉडचं एक टोक ढिलं.

आणखी एक गोष्ट होती. स्टिअरिंगचे हिसके जिरवायला एक डँपर असतो, दार आपटू नये म्हणून लावतात तशी नळी. इथे दोन होते. एक जुना, चिखलाने भरलेला. दुसरा त्यामानाने नवा, त्यावरचं स्टिकरही अजून वाचता येत होतं. त्या नव्या डँपरकडे मी जरा जास्त वेळ बघत राहिलो.

मग मी जावईबापूंना फोन केला. म्हटलं, या.

ते अर्ध्या तासात आले, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र अडकवलेलं, चेहऱ्यावर 'आता यांना समजावून सांगावं लागणार' असा भाव. बेबी माझ्या काचेच्या खोलीत चहा घेऊन बसली होती. मी त्यांना थेट खड्ड्यात उतरवलं आणि हातात दिवा दिला.

"धरा. वर धरा. अहो, माझ्या डोळ्यात नको, पाट्यावर धरा."

पाचर दाखवली. ते म्हणाले, "दादा, उघडायच्या आधी आम्ही प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला होता. एकशे चाळीस फोटो आहेत. एकेक नट जसाच्या तसा बसवलाय. मंडळात त्याबद्दल आम्हाला बक्षीस मिळालं, माहितीये ना?"

"माहितीये. जसंच्या तसं बसवलंत हेच तर चुकलं."

मी एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून, मध्ये पाना धरून दाखवलं. हात खाली, मग हात वर. त्यांनी मान हलवली, पण ती कचेरीतली मान होती, समजलं नाही तरी हलणारी. दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हा मात्र तोंड उघडं राहिलं.

"बरं, हा दुसरा डँपर कधी बसवलात?"

दिवा जरा खाली आला. "मार्चमध्ये असेल."

"कशाला?"

"असंच. चांगला असतो."

"जावईबापू, मी सव्वीस वर्षं या खड्ड्यात उभा आहे. दुसरा डँपर असंच कुणी लावत नाही. कंप दडवायला लावतात. कुणाला जाणवला कंप?"

"मला," ते म्हणाले. "मंडळाची सहल होती. पुलावर. मला वाटलं गाडी जाते आता."

"आणि घरी येऊन तिला सांगितलंत की हात तुझे हलतात."

"तसं नाही, दादा. मला वाटलं डँपरने जाईल. गेलंही थोडं. मग ती परत म्हणायला लागली. आता बक्षीस मिळालेलं, सगळ्यांनी फोटो टाकलेले, त्यात आमच्या कामात चूक आहे म्हणायचं म्हणजे…" ते थांबले. मग आवाज उतरवून म्हणाले, "तिला एवढंच सांगा ना, टायरचं बॅलन्सिंग होतं. झालं गेलं. तुम्ही मोठे आहात."

माझ्या हातात बावीस नंबरचा पाना होता आणि मी तो खाली ठेवला, एवढंच माझं मोठेपण. एका लाकडी चषकापायी या माणसाने माझ्या बहिणीला आठ महिने बाबांच्या मरणाकडे बघायला लावलं. किळस आली. एखाद्या झुरळाचीही इतकी येत नाही, कारण झुरळ निदान दिवा लावला की पळतं. हा दिवा धरून उभा होता.

काम संपायला चार वाजले. पाटे आवळणारे यू-बोल्ट सोडून पाचरी उलट्या फिरवल्या, टाय रॉडचं टोक बदललं, भंगारातून ठेवलेला एक खाली वाकलेला आर्म लावून स्टिअरिंगचा दांडा सरळ केला, आणि चाकं मापात बांधली. नवा डँपर काढून कोपऱ्यात टाकला. जावईबापूंनी सगळा वेळ दिवा धरला. दोनदा हात बदलू का म्हणून विचारलं, मी बदलू दिला नाही.

मग बेबीला म्हटलं, चालव. मी शेजारी बसलो. पुलाजवळ तिने पाय काढला, मी म्हटलं, साठ. तिने ओठ आवळले आणि साठ केले. पट्टीवरून चाकं गेली, धप् धप् झालं आणि गाडी सरळ चालत राहिली. ती पुढून वळून आली, परत पुलावर गेली. मग तिसऱ्यांदा, सत्तरने. तिसऱ्यांदा मात्र तिने हसून माझ्याकडे पाहिलं, आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण माझ्या डोळ्यांचा मला भरवसा नव्हता.

दुकानात आलो. तिने गाडी बंद केली, खाली उडी मारली. "मग नक्की होतं तरी काय?"

जावईबापूंनी माझ्याकडे आशेने पाहिलं. या क्षणाची मी दुपारपासून वाट बघत होतो. "मला काय विचारतेस? मालकांना विचार. मार्चपासून त्यांना माहितीये."

त्यांना सांगावं लागलं. पुलाचं सांगितलं, डँपरचं सांगितलं, बक्षिसाचं सांगताना मात्र पाण्यात पडल्यासारखे हातपाय मारले. मी हाताची घडी घालून ऐकत होतो. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

बेबीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. "तुमच्याशी मी घरी बोलते," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"दादा, तुला शोधायला किती वेळ लागला?"

"काय शोधायला? पाचर? अगं, पाच मिनिटं. खड्ड्यात उतरलो आणि समोरच." मी अजून खुशीत होतो.

"पाच मिनिटं," ती म्हणाली. "मी रोज दोनदा तुझ्या दुकानावरून जाते."

मी म्हणणार होतो की तू मला सांगितलं का नाहीस. शब्द तोंडाशी आले होते. पण तिने सांगितलं होतं. अगदी सुरुवातीला, फोनवर. दादा, गाडी हलते रे, बघतोस का एकदा? आणि मी म्हणालो होतो, तुझ्या घरात एवढे मोठे इंजिनिअर असताना माझ्यासारख्या अडाण्याला कशाला विचारतेस? आणि फोन ठेवून बायकोला तो विनोद दोनदा ऐकवला होता. तिने परत कधी विचारलं नाही. ती का विचारेल?

"त्यांना त्यांची लाज वाचवायची होती," बेबी म्हणाली. "तुला काय वाचवायचं होतं?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वरच्या वस्तीवर गाय सकाळपासून अडली होती. "चाळीस मिनिटांत पोचते," ती म्हणाली, "कोमट पाणी करून ठेवा, आणि कुणी ओढू नका, मी आल्यावर मी बघेन." तिने पर्समधलं पाकीट काढलं, उभं-आडवं फाडलं आणि माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग पेटी वर फेकली, गुडघा टेकून चढली आणि गेली. आमच्या दोघांपैकी कुणालाही तिने 'येते' म्हटलं नाही.

ट्रक वळणावर दिसेनासा झाला. जावईबापू माझ्या शेजारी उभे होते, हातात अजून तो विझलेला दिवा. त्यांनी घसा साफ केला.

"जरा जास्तच बोलली ना, दादा?" ते हळूच म्हणाले, आणि लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे आपल्यातला माणूस म्हणून पाहिलं. मी त्यांच्या हातातून दिवा काढून घेतला. काहीतरी सणसणीत बोलायचं होतं, आणि मला काही सुचेना.